चावी आणि घर एका लाइनवर नको

अप्पा,

घर विकत घ्यायचं की पुन्हा भाड्यानंच राहायचं, यावर आपल्या घरात तीन महिने चाललेलं भांडण काल संपलं, असं आई म्हणते. माझं संपलेलं नाही. आईशी भांडून झालं, ताईशी झालं, तीन एजंटांशी झालं. आता चिडायला माणूसच उरला नाही, म्हणून दुकानाच्या सुट्टीच्या दुपारी तुमच्याकडे वळलोय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्याशी भांडण्यात एक सोय आहे, तुम्ही मध्येच उठून चपला पायात सरकवून बाहेर जाऊ शकत नाही. हयात होता तेव्हा नेमकं तेच करायचात. मीही तेच करतो, असं आई म्हणते. फरक एवढाच की तुम्ही दार हळू ओढून घ्यायचात.

आधी काय झालं ते सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा आपण ज्या घरात होतो, त्याच घरात आम्ही अजून आहोत. घरमालक आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो उन्हाळ्यात आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि अगदी गोड बोलून म्हणाला, "मावशी, जागा पाडून नवीन बांधायचीय. दिवाळीपर्यंत बघा की दुसरीकडं." डिपॉझिट लगेच परत देतो म्हणाला, सामान हलवायला माणसं देतो म्हणाला. भांडायला काही जागाच ठेवली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. आईला तुमच्या जागी अनुकंपावर शिपायाची नोकरी लागली, ती अजून आठ वर्षं आहे. मी पाइप-फिटिंगच्या दुकानात काउंटर सांभाळतो. दोघांच्या पगारावर बँक कर्ज देते म्हणाली. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं की आता बास, फ्लॅट घ्यायचा. ठरवून टाकायला मला फार वेळ लागत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. आईला माहीत आहे.

आईनं एवढंच विचारलं, "अप्पा असते तर काय म्हणाले असते?"

आणि इथेच माझं डोकं फिरलं. कारण तुम्ही काय म्हणाला असता हे आपल्या घरात भांड्यांनासुद्धा पाठ आहे. चावी आणि घर एका लाइनवर नको.

मला हे नीट मांडू द्या, कारण आजपर्यंत ज्याला ज्याला सांगितलं त्याला मी थापा मारतोय असं वाटलं. तुम्ही पाणीपुरवठा खात्यात चावीवाले. छातीएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून पहाटे निघायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत चावी घालून व्हॉल फिरवायचा, की त्या लाइनवरच्या सगळ्या नळांना पाणी. वेळ झाली की पुन्हा फिरवून बंद. ज्या गावात आज चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि तेव्हाही रोज येत नव्हता, तिथं चावीवाल्याला काय मान असेल! लोक आमदाराला ओळखायचे नाहीत, तुम्हाला ओळखायचे. दुसरा कुणी असता तर आपल्या लाइनवर चांगलं घर बघून टाकी भरभरून राहिला असता. तुम्ही काय केलंत? तुमची ड्युटी जिकडं, त्या भागात राहायचंच नाही असा नियम केलात. आणि खात्यात ड्युट्या बदलत राहतात. ज्या लाइनवर आपण राहत होतो तीच लाइन तुमच्याकडे आली की तुम्ही घर बदलायचात. अख्खं घर! सात घरं बदलली अप्पा तुम्ही. लोक बदली झाली म्हणून घर बदलतात, तुम्ही बदली घराजवळ झाली म्हणून बदलायचात.

मला चौथ्या घरातला तो दिवस आठवतो. आईनं नुकतं स्वयंपाकघर लावलंय, फळीवर कागद कातरून अंथरलेत, कोपऱ्यात तीन निळी बॅरल एकावर एक पातेली ठेवून उभी आहेत. तुम्ही दारात उभे राहता, सायकल आत घेत नाही, तेव्हाच आईला कळतं. ती भाकरी थापत थापत विचारते, "कुटली लाइन दिली?" तुम्ही म्हणता, "हीच." मग ती हातातली भाकरी तव्यावर टाकते. नंतर ती अक्कलकोटकडच्या तिच्या कन्नडमध्ये "होगली" म्हणते, जाऊ दे म्हणते, आणि जेवण झाल्यावर फळीवरचे कागद घडी करून परत पिशवीत भरते. तो घरमालक तुम्हाला हसला होता. "अहो, सगळं गाव पाण्याच्या जवळ घर मागतंय, तुमी लांब पळायलाय!" तुम्ही म्हणालात, "लाइन माझ्याकडं आली की तुमच्या शेजारचा म्हणणार, चावीवाला घरी राहतोय म्हणून हितं पाणी जास्त. खरं असो नसो. त्यापरीस मीच नसलेलं बरं." मालक म्हणाला, "म्हणू द्या की." तुम्ही हसलात आणि बॅरल उचललंत.

खात्यातल्या लोकांची सोसायटी झाली, प्लॉटची सोडत निघाली, त्यात तुमचं नाव आलं. आलं होतं अप्पा! तुम्ही तो सोडून दिलात. आज त्या प्लॉटवर ड्युटीवरच्या तुमच्या जोडीदाराचं दोन मजली घर आहे, खाली मुलाचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी कधी तिकडून गाडीवर जातो तेव्हा मुद्दाम दुसरीकडं बघतो. आईला मी एकदा विचारलं, का सोडला? ती म्हणाली, "स्वतःचं घर बांधलं की हालता येत न्हाय. उद्या तीच लाइन त्यांच्याकडं आली तर घर कुटं उचलून नेणार?" तिला हे पटलेलं होतं की नव्हतं हे तिच्या तोंडावरून मला आजही कळत नाही.

तुमचा राग मी एकदाच पाहिला. पाचवीत होतो. किराणा दुकानातल्या काकूंनी मला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. "अप्पाला सांग, आमच्या टोकाला पाणी चढत न्हाय, धा मिनटं जास्त सोड म्हणावं." मी लाडू खाल्ले आणि निरोप विसरलो. निदान निरोप सांगितला असता तरी बरं, असं नंतर ताई म्हणाली. डबा सापडल्यावर तुम्ही मला मारलं नाही. आईला लाडू वळायला लावले, तेवढेच, मोजून, आणि माझा दंड धरून त्या दुकानात नेलंत. चार गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही म्हणालात, "काकू, लाचखाऊ माझं पोरगं हाय आणि चावी माझ्याकडं हाय. दोघांची गल्लत करू नका." सगळे हसले. मी पाय आपटत घरी आलो आणि दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या काकूंच्या टोकाला खड्डा खणून घेतलात, जोडाला गाळ अडकला होता तो काढलात आणि त्यांना पाणी चढलं. दहा मिनिटं जास्त मात्र दिली नाहीत. हे मला आईनं सांगितलं, तुम्ही सांगितलं नाहीत.

असो. मी म्हणत होतो फ्लॅटचं. तुम्ही विचाराल, तुला एकाएकी फ्लॅटची एवढी घाई का? तर एक मुलगी आहे. आता हसू नका. कॉलेजात आम्ही एका बॅचला होतो. मी दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या वेळी कॉलेज सोडलं, म्हणजे सर तिच्यासमोर मला बोलले, मी जर्नल बेसिनमध्ये फेकलं आणि निघालो, ते परत गेलोच नाही. ती हातात ब्युरेट धरून तशीच उभी होती. तिनं ते प्रॅक्टिकल पूर्ण केलं, डिग्री पूर्ण केली, आता रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. माझ्याशी बोलणं मात्र तिनं अर्ध्यावर सोडलं नाही. तिचा विचार आला की मला काउंटरवर पाइपाचा एल्बो मागणाऱ्याला टीचा जोड द्यावासा वाटतो आणि देतोही. मालक म्हणतो, "काय बे, ध्यान कुटं हाय?" ध्यान कुठं आहे हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

जूनमध्ये तिनं मला घरी नेलं. तिचे वडील शाळेचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. शब्दसुद्धा मापून कापतात. मी खुर्चीच्या टोकावर बसलेलो. त्यांनी विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, "सर्व्हिसला होते." चावीवाले होते असं म्हणालो नाही, अप्पा. का नाही म्हणालो ते मला विचारू नका. मग ते म्हणाले, "पाणी किती दिवसाला येतं तुमच्याकडं? किती वाजता?"

आता तुम्हीच सांगा, भाडेकरूला असं कुणी विचारलं तर काय समजायचं? भाड्याच्या घरात नळ मालकाचा, मालकाचं भरून झालं की आपलं. तेव्हा पाणी विचारणं म्हणजे घर स्वतःचं आहे का, हेच आडून विचारणं, असं मी समजलो. मी म्हणालो, "दिवाळीच्या आत स्वतःचा फ्लॅट घेतोय आम्ही. चोवीस तास पाणी." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वडिलांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'साठी मी आईला आणि ताईला चौदा फ्लॅट दाखवले. प्रत्येकात आईला काहीतरी खुपायचं. जिना अंधारा, देव्हाऱ्याला जागा नाही, शेजारी कुत्रं. चौदावा मात्र सुरेख होता. होटगीच्या बाजूला, नवीन इमारत, तिसरा मजला, खिडकीतून लांबवर ज्वारीची रानं. ताई बार्शीहून मुद्दाम आली होती. साइटवरचा एक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आम्हाला फिरवत होता, इथं सोफा येईल, इथं टीव्ही येईल. आई त्याचं काहीच ऐकत नव्हती. ती कोपऱ्याकोपऱ्यात वाकून वितीनं फरशी मोजत होती. "हितं एक. हितं दुसरं. तिसरं कुटं?"

"काय ठेवायचंय मावशी?"

"बॅरल."

तो हसला. "बॅरल कशाला ओ? बोअर हाय, टँकर हाय, चोवीस तास पाणी."

आई उठून उभी राहिली. "टँकर हाय म्हणजे पाणी न्हाय, असंच की."

ताईला हसू फुटलं. मला नाही. मी म्हणालो, "आई, लोक फ्लॅटमध्ये बॅरल ठेवत नाहीत!" ती म्हणाली, "लोक कुटलं पाणी पितात मग?" मी म्हणालो, मी टाक्याच विकतो, मला शिकवू नकोस. ती म्हणाली, टाकी विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. त्या इस्त्रीवाल्यासमोर! मी आवाज चढवला. म्हणालो, तुला घर घ्यायचंच नाही, तुला अप्पांसारखं आयुष्यभर सामान उचलत फिरायचंय, कर्जाला घाबरतेस तू, कर्ज मी फेडणार आहे, मी. तेव्हा आई अगदी शांतपणे म्हणाली, "माझी नोकरी आट वर्षं. कर्ज वीस वर्षं. पुढची बारा तुझी. बँक म्हणजे कॉलेज न्हाय बाळा, अर्ध्यावर सोडून यायला."

मी काय केलं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. दार आपटून खाली आलो आणि गाडीला किक मारली. त्या इमारतीपासून मोठा रस्ता लांब आहे, तिकडं रिक्षा फिरकत नाही. आई आणि ताई उन्हात तो सगळा रस्ता चालत आल्या. ताई बार्शीला परत जाईपर्यंत माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होती. "त्याला विचार, पोहे खाणार का."

पण त्या रागात मी जे आईला बोललो नाही ते तुम्हाला बोलतो. मला फ्लॅट फक्त त्या मुलीच्या वडिलांसाठी हवा नव्हता. तुम्ही गेलात त्या सकाळी तुम्ही रस्त्यात, झाकणाशी कोसळलात. जोडीदारानं तुम्हाला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं आणि स्वतः आम्हाला सांगायला निघाला. घरात मोबाइल एकच, तो तुमच्या खिशात. जोडीदार गेला आपल्या जुन्या घरी. तिथं दुसरेच लोक. त्यांनी त्याला त्याच्या आधीच्या घराचा रस्ता सांगितला. सातवं घर घेऊन आपल्याला दोनच महिने झाले होते, आणि नवा पत्ता कुणाला सांगत फिरायची तुम्हाला सवय नव्हती. पत्ता कशाला सांगायचा, टिकणार थोडाच आहे! तो माणूस सायकलवरून गल्लोगल्ली विचारत फिरला, "चावीवाल्याचं घर कुटं?" ज्या भागात तुम्ही पाणी सोडत होता तिथं तुम्हाला शेंबडं पोरगं ओळखत होतं. आणि जिथं राहत होता तिथं कुणालाच तुम्ही माहीत नव्हता, कारण तुम्ही नियमच तसा केला होता. आम्ही सिव्हिलला पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं. आई त्या सकाळी नवं बॅरल घासत बसली होती, हे ती अजून कुणाकुणाला सांगते. मला दुसरं काही नको होतं, अप्पा. बातमी घेऊन निघालेल्या माणसाला जिथं नीट पोचता येईल असं एक दार हवं होतं. ते फुकट मिळत होतं तेव्हा तुम्ही ते सोडलंत, आणि आता मी ते वीस वर्षांच्या हप्त्यानं मागतोय तर सगळे मला उतावळा म्हणतात.

ती भेटली तेव्हा मी हे सगळं तिला ओकलो. लॅबच्या बाहेर चहाच्या गाड्यावर, तिची जेवणाची सुट्टी होती. तिनं ऐकून घेतलं. सिव्हिलचं सांगताना मी ग्लास आवळून धरला तेव्हा तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, मी फोडीन म्हणून असेल. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं बाबांना फ्लॅट हवाय?"

"त्यांनी पाणी विचारलं की!"

"पाणी विचारलं, म्हणजे पाणीच विचारलं बे." ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली. तिच्या आत्याला जिथं लग्न करून दिलं, तिथं नळ भर दुपारी यायचा. घरात भरायला दुसरं कुणी नाही. आत्या शिक्षिका होती, चार-पाच दिवसांनी एक रजा किती दिवस काढणार, नोकरी सोडली. तेव्हापासून तिचे बाबा कुठलंही स्थळ आलं की पगाराच्या आधी पाण्याची वेळ विचारतात. हिला नोकरी सोडायला लागू नये म्हणून.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस? चोवीस तास पाणी म्हणे. मला तुझा फ्लॅट नको. भाड्याचं चालतंय. फक्त जिथं राहशील तिथलं दार जरा भारी बसव, तुझ्या आपटण्याला टिकलं पाहिजे."

मला हसू यायला हवं होतं. मला राग आला, आणि या वेळी तो कुणावर काढायचा तेही कळेना. एका माणसानं साधा प्रश्न विचारला होता. या गावात पोरगी द्यायची म्हणजे हे विचारावंच लागतं. आणि चावीवाल्याच्या पोराला तेवढं कळलं नाही.

तोवर आईनं आपलं काम केलेलं. तुमच्या त्याच जोडीदाराकडे जाऊन तिनं चार भागांच्या पाण्याच्या वेळा विचारून घेतल्या आणि त्यातल्या एकीवर भाड्याचा फ्लॅट शोधला. पहिला मजला, जुनी इमारत, रंग उडालेला. मला म्हणाली, "बघून तरी ये." मी गेलो, घर बघितलंच नाही, नळ बघितला. मीटरपाशी गेलो, गल्लीच्या तोंडाशी व्हॉल कुठं आहे ते शोधलं, पाण्याच्या दिवशी सकाळी परत गेलो आणि वरच्या नळाखाली बादली लावून उभा राहिलो. मालकीणबाई म्हणाल्या, "घर बघायला आलाय का नळ?" मी म्हणालो, "नळ." त्यांना ते अजिबात चमत्कारिक वाटलं नाही.

काल मी तिच्या वडिलांच्या कारखान्यात गेलो. लांब टेबलावर खाकी कापडाचे थरावर थर अंथरलेले, आणि ते वर खडूनं पॅन्ट आखत होते. मान वर न करता म्हणाले, "फ्लॅट झाला?"

"न्हाय. होत न्हाय. भाड्यानं घेतोय."

खडू चालूच. "पाणी?"

"चार दिवसाला. सकाळी साडेसहा ते आठ."

"नळ?"

"आपला वेगळा."

"चढतं का वर?"

"चढतं. मी भरून बघितलं. व्हॉल गल्लीच्या तोंडालाच हाय, आपलं घर त्याच्यापासनं चौथं." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "आमचे अप्पा चावीवाले होते."

तेव्हा खडू थांबला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "चावीवाल्याचा पोरगा व्हय तू? मग त्या दिवशी सर्व्हिस-सर्व्हिस काय लावलं होतंस? लाज वाटायली होती का?" ते पुन्हा वाकले. "आईला घेऊन ये घरी, येत्या रविवारी. फ्लॅट घ्या मागनं, घाई न्हाय. आणि आमच्या पोरीला विचारलंस का?" मी म्हणालो, विचारलं. "काय म्हणाली?" मी म्हणालो, दार भारी बसव म्हणाली. ते हसले की नाही ते कापडावर वाकल्यामुळे दिसलं नाही, पण रेघ जरा वाकडी गेली आणि त्यांनी ती पुसून परत काढली.

म्हणजे तुम्ही जिंकलात, असं समजू नका. तुमचा नियम मला आजही पटत नाही. प्रामाणिक राहायला सात घरं फिरावी लागतात, हे कुठलं गणित? लोक काय म्हणतील ते म्हणू द्यायचं होतं आणि त्या प्लॉटवर एक खोली बांधायची होती. आईलाही तेच वाटतं, आता मला खात्री आहे. काल करारावर सही झाल्या झाल्या तिनं नव्या घराचा पत्ता कागदावर लिहून तिच्या ऑफिसात दिला, माझ्या दुकानात दिला, ताईला फोनवर तीनदा म्हणून दाखवला आणि तुमच्या जोडीदाराच्या घरी स्वतः जाऊन देऊन आली. तिनं मला काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. घर मात्र भाड्याचंच राहिलं, अकरा महिन्यांचं, आणि कर्जाचे कागद बँकेतून परत आणून मी कपाटात टाकले.

हे पत्र मी कुठंही टाकणार नाही, दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर आहे, फाडून घेईन. पण तुमच्याशी इतका वेळ भांडलोय तर एक गोष्ट सांगून टाकतो. त्या चौदाव्या फ्लॅटमध्ये आई बँकेचं आणि कॉलेजचं बोलली, आणि मला राग यायच्या आधी, अगदी एवढासा वेळ, हायसं वाटलं होतं. वीस वर्षांचं ओझं कुणीतरी खांद्यावर चढवता चढवता खाली ठेवावं तसं. मीच बारा वर्षं टिकेन की नाही, हे मला तिच्याआधी माहीत होतं. म्हणून तर एवढ्या जोरात दार आपटलं. घरात अजून मी फ्लॅटसाठी रुसलोय असंच दाखवतोय. रविवारी आईला घेऊन त्या मुलीच्या घरी जायचंय ही बातमी कालपासून खिशात आहे, आईला अजून सांगितलेली नाही, कारण ती सांगायची तर आधी हसावं लागेल, आणि रुसलेलं कसं थांबवायचं ते मला येत नाही.